डॉ. जेरुशा झिराड : वयाला न जुमानणारं शिकणं

मैत्रिणींनो, आपल्याकडं बाईचं वय मोजायची रीत मोठी गमतीची आहे. लग्न होईपर्यंत ती लहान. लग्न झालं की एका रात्रीत मोठी. आणि घरात सून आली, की लगेच म्हातारी! मधली पंचवीस-तीस वर्षं कुठं गेली, ते तिचं तिलाच कळत नाही. चाळिशीच्या बाईनं काही नवं शिकायचं म्हटलं, तर घरातलेच हसतात. 'आता या वयात कशाला?' हा प्रश्न तर इतका सवयीचा झालाय, की दुसऱ्या कुणी विचारायच्या आधी आपणच तो स्वतःला विचारून मोकळ्या होतो.

माणसाचं मन कोवळं राहिलं पाहिजे, त्यानं मरेपर्यंत शिकलं पाहिजे, आणि असं शिकत राहणं म्हणजेच देवाच्या जवळ जाणं, अशी शिकवण सगळ्याच धर्मांत थोडीफार सापडते. ज्यू धर्मात मात्र तिला फार मोठं स्थान आहे. आणि ही शिकवण प्रत्यक्ष जगून दाखवणारी एक ज्यू बाई आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. तिचं नाव डॉ. जेरुशा झिराड. डॉक्टर लोकांना हे नाव माहीत आहे; आपल्यासारख्या गावाकडच्या बायकांपर्यंत मात्र ते फारसं आलेलं नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी.

आता रेणापूरला राहणाऱ्या माझ्यासारखीचा आणि ज्यू लोकांचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. खरंय. आमच्याकडं रेणुकामातेचं देऊळ आहे, दर्गा आहे, विहार आहे, पण ज्यू माणूस मी गावात कधी पाहिला नाही. आपला मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मराठी बोलणारे ज्यू राहिले ते तिकडं कोकणात, अलिबाग-पेण-पनवेलच्या पट्ट्यात, आणि तिथून पुढं मुंबई, ठाणे, पुण्याला गेले. त्यांना बेने इस्राएल म्हणतात.

त्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि त्यांचाच पुढं हा समाज झाला, असं ते परंपरेनं सांगतात. पोथ्या समुद्रात गेल्या. भाषा हळूहळू विसरली. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणायला लागले. ज्या गावात राहिले त्या गावाचं आडनाव घेतलं. दिव्याचे दिवेकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर. अलिबाग तालुक्यात झिराड नावाचं गाव आहे, त्यावरून झिराड. साड्या आपल्यासारख्या, मंगळसूत्र आपल्यासारखं, लग्नात मेंदी आपल्यासारखी, घरात बोली मराठी. नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं पोहे, खोबरं, गूळ आणि फळं घालून मलिदा करायचा. आपल्या घरच्या प्रसादाची आठवण व्हावी, असाच तो!

पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. सगळं विसरलं तरी 'शमा' नावाची एक प्रार्थना त्यांच्या तोंडात राहिली. देव एकच आहे, हे सांगणारी ही प्रार्थना. तिच्यातच पुढं असं बजावलेलं आहे, की हे सगळं आपल्या मुलांना शिकवा, घरी बसलेले असताना शिकवा, वाटेनं चालताना शिकवा. म्हणजे बघा, पोथी नसली तरी चालेल, पण शिकवणं-शिकणं थांबता कामा नये. पुढं डेव्हिड रहाबी नावाच्या एका शिक्षकानं त्यांची ओळख पटवली आणि त्यांना धर्माचे पाठ नव्यानं दिले, असं सांगतात. अख्ख्या समाजानं मोठेपणी पुन्हा मुळाक्षरं गिरवली म्हणायची! 1796 मध्ये समाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं.

ज्यू धर्मात शिकण्याला इतकं महत्त्व का, हे सांगायचं तर रब्बी अकिवांची गोष्ट सांगायलाच हवी. रब्बी म्हणजे त्यांचे धर्मगुरू. अकिवा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी होऊन गेले. परंपरा सांगते, की चाळीस वर्षांपर्यंत हा माणूस मेंढपाळ होता आणि त्याला एक अक्षर येत नव्हतं. एके दिवशी विहिरीच्या काठावर त्यानं एक दगड पाहिला. पाण्यानं त्या दगडाला खळगा पडलेला. आपल्याकडं जुन्या आडाच्या काठाला दोरानं खाचा पडलेल्या असतात ना, तसंच. त्याच्या मनात आलं, मऊ पाणी कठीण दगडाला असं कोरू शकतं, तर विद्या माझ्या मनाला का नाही कोरणार? आणि हा चाळिशीचा बाप्या आपल्या लहान मुलाला घेऊन एकाच गुरुजींपुढं पाटी धरून बसला. पुढं तो एवढा मोठा पंडित झाला, की ज्यू धर्माच्या इतिहासात आजही त्याचं नाव अगदी वरच्या ओळीत घेतात.

त्यांच्या जुन्या वचनसंग्रहात आयुष्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. पाचव्या वर्षी धर्मग्रंथाचं वाचन सुरू करायचं, तेराव्या वर्षी जबाबदारी घ्यायची. आणि चाळिसावं वर्ष हे समज येण्याचं, तर पन्नासावं सल्ला देण्याचं मानलं आहे. म्हणजे आपण ज्या वयात आवराआवर करायला लागतो, त्या वयात त्यांच्या मते कुठं समजायला सुरुवात होते! त्यांचे आदिपुरुष अब्राहाम देवाच्या शब्दाखातर घरदार सोडून नव्या देशाला निघाले, तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते. दरवर्षी त्यांचं नवं वर्ष सुरू झालं, की दहाव्या दिवशी उपास करून वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायची आणि नव्यानं सुरुवात करायची. तरुणपण म्हणजे काळे केस नव्हेत, पुन्हा पहिल्या इयत्तेत बसायची तयारी म्हणजे तरुणपण, असा त्या सगळ्याचा अर्थ मी लावते.

पण मैत्रिणींनो, ही अकिवांची गोष्ट वाचताना माझं मन एका ठिकाणी अडतं. त्यांची बायको! परंपरेत तिचं नाव राहेल असं येतं. श्रीमंताची लेक. नवऱ्यानं शिकावं म्हणून तिनं हट्ट धरला, बापानं घराबाहेर काढलं ते सोसलं. नवरा चोवीस वर्षं शिकायला लांब राहिला, ही गरिबीत दिवस काढत राहिली. तो हजारो शिष्यांसह परत आला तेव्हा त्यानं सगळ्यांना सांगितलं, की माझी आणि तुमची सगळी विद्या हिचीच आहे. ऐकून बरं वाटतं. पण मला विचारावंसं वाटतं, त्या चोवीस वर्षांत राहेलला कुणी पाटी दिली का? चाळिशीत शिकायचा हक्क तिला होता का? ज्यू परंपरेतसुद्धा ग्रंथ शिकण्याचं कर्तव्य मुख्यतः पुरुषांवर होतं. बाईनं शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावायचा, घर सांभाळायचं, नवऱ्याला-मुलांना शिकायला पाठवायचं. आपल्या घरात वेगळं काय आहे?

जेरुशाबाईंचं मोठेपण मला इथं दिसतं. त्यांनी ती पाटी बाईच्या हातात आणली. स्वतःच्या, आणि इतर बायकांच्याही.

जेरुशाबाईंचा जन्म 1890 सालचा, कर्नाटकातल्या शिमोग्याचा. शिक्षणासाठी त्यांना लहानपणीच पुण्याला मुलींच्या शाळेत ठेवलं. त्या काळात मुलीला शिकायला परगावी ठेवणं म्हणजे काय होतं, हे आज आपल्याला कळणार नाही. अकरा-बारा वर्षांच्या असताना त्यांची बहीण फार आजारी पडली. तिला मुंबईच्या कामा हॉस्पिटलात नेलं. तिथं डॉ. ॲनेट बेन्सन नावाच्या बाई डॉक्टर होत्या. त्यांच्या उपचारानं बहीण बरी झाली. आणि जेरुशानं ठरवून टाकलं, की आपणही असंच डॉक्टर व्हायचं आणि याच हॉस्पिटलात काम करायचं!

या कामा हॉस्पिटलाची गोष्टही थोडी सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकात आपल्या बाया पुरुष डॉक्टरला तपासू देत नसत. पडद्याआडून नाडी दाखवायची, नाहीतर मरायचं. बायांसाठी बाई डॉक्टर हव्यात म्हणून मुंबईत चळवळ झाली. पेस्तनजी होर्मसजी कामा या पारशी दात्यानं मोठी देणगी दिली आणि 1886 साली हे फक्त बायकामुलांचं, बाई डॉक्टरांनी चालवायचं हॉस्पिटल सुरू झालं. त्याच 1886 साली आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. पण त्या परत आल्या त्या क्षय घेऊनच, आणि 1887 मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी गेल्या. त्यांना एकही रुग्ण नीट तपासता आला नाही. पुढं डॉ. रखमाबाईंनी लंडनला शिकून येऊन आयुष्यभर सुरत-राजकोटकडं सेवा केली. या दोघींनी पाऊलवाट पाडली, जेरुशाबाई त्याच वाटेनं पुढं गेल्या.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1912 साली त्या डॉक्टर झाल्या. वय बावीस. आता प्रॅक्टिस करावी, पैसा मिळवावा, हे वय. पण 1913 मध्ये त्यांनी आपल्या समाजातल्या बायकांना एकत्र करून बेने इस्राएल स्त्री मंडळ काढलं. त्या काळी बायकांचं मंडळ म्हणजे काही भिशी नव्हे हं! घरातून बाहेर पडायचं, चारचौघींत बसायचं, काहीतरी वाचायचं, आपल्या समाजाच्या प्रश्नांवर बोलायचं, हेच मोठं धाडस होतं. आमच्या बचत गटाची पहिली बैठक झाली तेव्हा बाया पदर तोंडावर ओढून बसल्या होत्या, आपलं नाव सांगायलाही लाजत होत्या. आज त्याच बँकेत मॅनेजरच्या समोर खुर्ची ओढून बसतात. म्हणून मला त्या 1913 च्या मंडळाची किंमत कळते.

मग 1914 च्या सुमारास त्या लंडनला गेल्या. तिथं स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात बाळंतपण आणि स्त्रीरोग या विषयाचं उच्च शिक्षण घ्यायचं होतं. तेव्हाच्या हिंदुस्थान सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई ठरल्या. पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. परका देश, परकी हवा, युद्धाची टंचाई, घरची पत्रं महिना-महिना वाटेत. त्यातून त्यांनी 1919 साली लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी मिळवली.

लंडनमध्ये त्यांना आणखी एक गोष्ट सापडली. तिथल्या ज्यू समाजात त्या वेळी सुधारणेची एक चळवळ चालू होती. 1902 साली लिली माँटेग्यू नावाच्या बाईंनी आणि क्लॉड माँटेफिओर या विद्वानांनी 'ज्युईश रिलिजस युनियन' ही संस्था काढली होती. लिलीबाई कामकरी मुलींसाठी क्लब चालवायच्या. दिवसभर कारखान्यात राबणाऱ्या तरुण मुली संध्याकाळी तिथं यायच्या, शिकायच्या, गायच्या, प्रार्थना करायच्या. तरुण पोरापोरींना जुन्या भाषेतली प्रार्थना समजत नाही, म्हणून ती धर्मापासून लांब जाते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. प्रार्थना समजली पाहिजे, बायकांनी पुरुषांबरोबर बसलं पाहिजे, आणि धर्म म्हणजे नुसते नियम नव्हेत, आतून वाढणं आहे, असा त्या चळवळीचा सूर होता. 1918 साली लिलीबाईंनी प्रार्थनामंदिरात प्रवचन दिलं. बाईनं प्रवचन द्यायचं, ही तेव्हा मोठीच गोष्ट. याच काळात जेरुशाबाई लंडनला होत्या.

परत आल्यावर काही काळ त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग हॉस्पिटलात काम केलं, मग बंगळूरला. 1925 साली त्या मुंबईला कामा हॉस्पिटलात आल्या. आणि त्याच वर्षी त्यांनी मुंबईत ज्युईश रिलिजस युनियनची सुरुवात केली. एक लक्षात घ्या. हे काम कुण्या रब्बीनं केलं नाही, कुण्या शेठजीनं केलं नाही. पस्तीस वर्षांच्या एका डॉक्टरीणबाईनं केलं! जुन्या प्रार्थनामंदिरांत बायकांना वरच्या सज्जात किंवा वेगळं बसावं लागे. इथं स्त्री-पुरुष एकत्र बसू लागले. हिब्रूबरोबर समजेल अशा भाषेतही प्रार्थना होऊ लागली. पुढं भायखळ्याचं 'रोदेफ शालोम' हे या मंडळींचं प्रार्थनामंदिर झालं. या नावाचा अर्थ शांतीचा मागोवा घेणारा.

आता हे सगळ्यांना पटलं असेल असं समजू नका. बेने इस्राएलांतले बहुसंख्य लोक आपल्या जुन्याच वाटेनं जात राहिले, आणि त्यांचीही बाजू समजून घेण्यासारखी आहे. ज्या समाजानं पोथ्या नसताना शेकडो वर्षं रीत जपली, त्याला रीत बदलायची भीती वाटणारच. रीत गेली तर आपण कोण राहिलो, हा त्यांचा प्रश्न होता. जेरुशाबाईंपुढचा प्रश्न वेगळा होता. समजत नसलेली रीत पुढची पिढी किती दिवस पाळणार? आपल्या घरातही हाच वाद असतो की. सत्यनारायणाची पोथी काय सांगते हे नातीनं विचारलं, तर आजी म्हणते, विचारायचं नसतं. नात मग पुढच्या वेळी मोबाईल घेऊन दुसऱ्या खोलीत बसते. विचारू दिलं असतं, तर कदाचित आजीशेजारी बसली असती.

मला यात आणखी एक आवडतं. जेरुशाबाई सायन्स शिकल्या म्हणून त्यांनी देव सोडला नाही, आणि देव मानला म्हणून सायन्स सोडलं नाही. आठवडाभर ऑपरेशन थिएटर, आणि शनिवारी प्रार्थना. दोन्ही ठिकाणी त्यांची वृत्ती एकच होती, विचारायचं, समजून घ्यायचं आणि चांगलं दिसेल ते स्वीकारायचं.

1928 साली त्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. या जागेवर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय. बहिणीला बरं वाटावं म्हणून लहानपणी ज्या हॉस्पिटलाच्या पायऱ्या चढल्या, त्याच हॉस्पिटलचा कारभार त्यांच्या हातात आला. 1947 पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं, त्यांनी तो सांभाळला. किती बाया तिथं सुखरूप मोकळ्या झाल्या असतील, किती नव्या बाई डॉक्टर हाताखाली तयार झाल्या असतील!

पण त्यांचं मला सगळ्यात मोठं वाटणारं काम वेगळंच आहे. मुंबई शहरात बाळंतपणात बाया का मरतात, याची त्यांनी पद्धतशीर तपासणी केली आणि 1941 साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. ऐकायला साधं वाटतं ना? पण विचार करा. बाळंतपणात बाई गेली की आपण काय म्हणायचो? 'तिचं तेवढंच आयुष्य होतं.' 'सटवीनं तसंच लिहिलं होतं.' जेरुशाबाई देव मानणाऱ्या होत्या, तरी प्रत्येक मृत्यूमागं काहीतरी कारण आहे आणि ते शोधलं पाहिजे, या निश्चयानं त्या बसल्या. अंगात रक्त कमी असणं, बाळंतपणानंतर जंतूंमुळं येणारा ताप, झटके, अतिरक्तस्राव, वेळेवर दवाखान्यात न पोहोचणं... ही सगळी आपल्या ओळखीची कारणं. नशीब म्हणून सोडून दिलं तर बाई मरते, कारण म्हणून लिहून काढलं तर पुढची वाचते. त्यांना अध्यात्म कशाला म्हणतात हे कुणी विचारलं असतं, तर मी त्यांचा हा अहवाल दाखवला असता.

आज आपल्याकडं चित्र पुष्कळ बदललंय. 2018 ते 2020 या काळातल्या सरकारी आकडेवारीप्रमाणं एक लाख जिवंत बाळंतपणांमागं देशात 97 माता दगावत होत्या, महाराष्ट्रात 33. जेरुशाबाईंच्या काळाशी याची तुलनाच नको. पण 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं! गावात काम करताना मी हे रोज बघते. आशाताई लोहाच्या गोळ्या दारात आणून देतात, आणि त्या गोळ्या देवळीत पडून राहतात. का, तर तोंड कडू होतं, शौचाला काळं होतं, सासूबाई म्हणतात गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि अडतं. हिमोग्लोबिन अकराच्या खाली असलेली गर्भार बाई डोक्यावर दोन-दोन घागरी पाणी आणते आणि आपण तिला म्हणतो, आमच्या वेळी नव्हतं असलं काही! त्या सासूबाई वाईट नसतात हो. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, आणि आता या वयात काय शिकायचं, असं त्यांना वाटत असतं. म्हणजे फिरून गाडी तिथंच येते. मोठ्या बाईनं शिकणं थांबवलं, की त्याची किंमत घरातली लहान बाई मोजते.

आमच्या गटात एक बाई आहे. पन्नाशीची. तिला दोन वर्षांपूर्वी अक्षर येत नव्हतं. नातवाच्या अंकलिपीवर ती त्याच्याच शेजारी बसून शिकली. पहिल्यांदा घरचे हसले. आता गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख ती स्वतः वाचते आणि मुदत संपलेलं औषध सुनेला घेऊ देत नाही. अकिवांचं नावही तिनं ऐकलेलं नाही. पण मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, मग त्याच्या बायकोनं का नाही पाटी घेतली? मी तिला जेरुशाबाईंबद्दल सांगितलं.

1945 साली ब्रिटिश सरकारनं जेरुशाबाईंना एम. बी. ई. हा किताब दिला. 1947 साली त्या कामा हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या. वय सत्तावन्न. आपल्याकडं निवृत्ती म्हणजे आरामखुर्ची. त्यांनी मात्र पुढची दहा वर्षं भारतातल्या बाई डॉक्टरांच्या संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं. 1950 साली देशभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्था एकत्र येऊन एक महासंघ झाला, त्याच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. आज बहुतेक स्त्रीरोगतज्ज्ञ या महासंघाशी जोडलेले असतात. 1966 साली भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली, तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या. डॉक्टरकी, समाजकार्य, प्रार्थना, एवढं सगळं सांभाळून त्या कविताही लिहायच्या. 1984 साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.

त्यांच्या हयातीतच त्यांचा समाज विरळ होत गेला. 1948 मध्ये इस्राएल देश झाला आणि बेने इस्राएल हजारोंनी तिकडं गेले. आज आपल्या देशात ते थोडेच, काही हजार उरले आहेत. पण तिकडं गेलेले मराठी विसरले नाहीत. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी इस्राएलमध्ये चालवलं. 2016 साली महाराष्ट्र सरकारनं ज्यू समाजाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. आणि मुंबईवर 26 नोव्हेंबर 2008 रोजी हल्ला झाला तेव्हा, नरिमन हाऊस हे ज्यू लोकांचं घर आणि कामा हॉस्पिटल, ही दोन्ही ठिकाणं एकाच रात्री अतिरेक्यांनी गाठली. कामा हॉस्पिटलात त्या रात्री एका नर्सनं वॉर्डातल्या सुमारे वीस गर्भार बायांना एका छोट्या खोलीत नेऊन, दिवे मालवून वाचवलं. एकीला कळा सुरू झाल्या, तर भिंतीच्या कडेकडेनं तिला प्रसूतिगृहात पोचवलं. वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जेरुशाबाईंना जाऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. पण बाईचं बाळंतपण सुखरूप झालंच पाहिजे, ही त्यांची जिद्द त्या भिंतींत शिल्लक असल्यासारखी वाटली.

जेरुशाबाईंसारखं लंडनला जाणं काही आपल्या सगळ्यांना जमणार नाही. हॉस्पिटल चालवणंही जमणार नाही. पण काही गोष्टी नक्की जमतील. घरात सून किंवा लेक गर्भार असेल, तर तिचं हिमोग्लोबिन किती आहे हे आपल्याला पाठ असलं पाहिजे. लेकराचं वजन जसं पाठ असतं, तसं. लोहाच्या गोळ्या ती खरंच घेते का, ते बघायचं. जेवल्यावर लिंबू-आवळा द्यायचा आणि गोळीवर लगेच चहा पिऊ द्यायचा नाही. गटाच्या बैठकीत कर्जाच्या हिशेबाबरोबर दहा मिनिटं कुणीतरी काहीतरी वाचून दाखवायचं. आणि वर्षातून एकदा तरी, वय न बघता, एक नवी गोष्ट शिकायची. सही असो, मोबाईलवरून पैसे पाठवणं असो, सायकल असो, नाहीतर रोज म्हणतो त्या स्तोत्राचा अर्थ असो.

नातवंडं हसतील. हसू द्या. उद्या त्यांचीच पुस्तकं घेऊन त्यांच्या शेजारी बसा. ती दोन दिवस हसतील आणि तिसऱ्या दिवशी आपल्याला शिकवायला लागतील.